दुर्मिळ जनुकीय आजार असलेल्या मुलाला भूल देताना: तारीख ठरण्याआधीपासून घरी परतेपर्यंत

हर्नियाची शस्त्रक्रिया अर्ध्या तासात आटोपते, त्यामुळे ती सकाळच्या यादीत ‘छोटी केस’ म्हणून लिहिलेली असते. माझ्या उमेदीच्या वर्षांत अशाच एका यादीत चार वर्षांच्या मुलाचे नाव होते. डोके जरा मोठे, नाकाचा दांडा बसका, मान आखूड, पोट पुढे आलेले आणि हाताची बोटे पूर्ण सरळ न होणारी. झोपेत हा इतका घोरतो की शेजारच्या खोलीत ऐकू येते, असे आईने सांगितले. टॉन्सिल वाढले असतील असे मनाशी म्हणून मी भूल दिली. भूल चढताच जीभ मागे पडली, मास्कने हवा आत जाईना आणि श्वासनळीत नळी टाकायला तोंड उघडले तर स्वरयंत्र दिसेचना. घशात बसवायच्या लॅरिंजियल मास्कने वेळ निभावली. मुलाला जागे केले आणि शस्त्रक्रिया रद्द केली. पुढे तपासण्यांत हंटर सिंड्रोम निघाला. नंतर आईशी निवांत बोलताना कळले की तिचा एक भाऊ असाच दिसायचा आणि बाराव्या वर्षी गेला. मामाबद्दल आदल्या दिवशी कोणी विचारलेच नव्हते, आणि त्या ‘कोणी’मध्ये मीही होतो.

शस्त्रक्रिया किती मोठी यावरून भुलीची जोखीम मोजण्याची आपल्याकडे सवय आहे. सामान्य मुलाच्या बाबतीत ती बऱ्याच अंशी चालून जाते. दुर्मिळ जनुकीय आजार असलेल्या मुलाच्या बाबतीत मात्र दात काढण्याची भूलही हृदयशस्त्रक्रियेच्या भुलीइतकी अवघड असू शकते. असे आजार हजारोंच्या संख्येने आहेत आणि त्यांतील बहुतेक आजार कोणत्याही एका भूलतज्ज्ञाच्या कारकिर्दीत एकदाही समोर येत नाहीत. म्हणून अशा मुलाची खरी सुरक्षितता थिएटरच्या दाराबाहेर, शस्त्रक्रियेच्या आधीच्या काही आठवड्यांत ठरते. तो काळ कसा वापरावा हे पालकांना आणि त्यांच्या घरच्या डॉक्टरांना सांगण्यासाठी हा लेख आहे. औषधांची नावे पालकांना योग्य प्रश्न विचारता यावेत म्हणून दिली आहेत. मात्रा आणि निवड हे मुलाला प्रत्यक्ष तपासणाऱ्या भूलतज्ज्ञांचे काम आहे.

निदान आधी, तारीख नंतर

हर्निया, वाढलेले ॲडिनॉइड, कानात साचलेले पाणी या तक्रारींसाठी होणारी शस्त्रक्रिया बहुधा थांबू शकते. आतडे अडकलेला हर्निया थांबू शकत नाही, हा फरक सर्जनकडून स्पष्ट करून घ्यावा आणि थांबता येत असेल तर आजाराचे नाव कळेपर्यंत थांबावे. म्युकोपॉलिसॅकरायडोसिस, म्हणजे बोलीत ‘एमपीएस’, या गटातील (हंटर सिंड्रोम त्यांतलाच) अनेक मुलांची पहिली शस्त्रक्रिया निदानाच्या आधीच झालेली असते, कारण हर्निया आणि वारंवार फुटणारे कान हीच या आजाराची सुरुवातीची लक्षणे असतात. नाभीचा आणि जांघेचा असे दोन्ही हर्निया, दुरुस्त करूनही परत आलेला हर्निया, सतत वाहणारे नाक, जोरात घोरणे आणि ताठ बोटे हे सर्व एकाच मुलात दिसत असेल, तर लघवीतील ग्लायकोसॲमिनोग्लायकॅन (या आजारांत साचणारे द्रव्य) आणि रक्तातील एन्झाइमची तपासणी होईपर्यंत तारीख घेऊ नये.

मुलगा अठरा महिन्यांनंतर चालू लागला असेल, पोटऱ्या फुगीर आणि टणक असतील, जमिनीवरून उठताना मांड्यांवर हात टेकत टेकत उभा राहत असेल, तर सीपीके, म्हणजे स्नायूंतील एका एन्झाइमची साधी रक्ततपासणी, आधी करावी. स्नायू हळूहळू झिजवणाऱ्या ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफीमध्ये ती कित्येक पटींनी वाढलेली सापडते. याच मुलांचे एसजीपीटी हे यकृताचे समजले जाणारे एन्झाइमसुद्धा वाढलेले असते, कारण ते स्नायूंतूनही रक्तात येते. त्यामुळे काही मुले महिनोन्‌महिने यकृताची औषधे घेत राहतात आणि स्नायूंकडे कोणाचे लक्ष जात नाही.

नाव सापडले नाही तरी संशय कागदावर यायला हवा. ‘स्नायूंचा आजार असण्याची शक्यता, तपासणी चालू’ एवढे एक वाक्य केसपेपरवर असले की भूलतज्ज्ञ औषधांची निवड बदलतो. राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरण २०२१ खाली देशात जी उत्कृष्टता केंद्रे नेमली गेली, त्यांत मुंबईचे केईएम रुग्णालय आहे. महाराष्ट्रातील पालकांना निदानासाठी तिथे संदर्भपत्र घेऊन जाता येते.

कुटुंबाची चौकशीही याच टप्प्यावर करावी, आणि ‘घरात कोणाला काही आजार आहे का’ असा मोघम प्रश्न विचारून भागत नाही. हंटर आणि ड्युशेन हे आजार बहुधा आईकडून मुलाकडे येतात, त्यामुळे मामा, आईचे मामा आणि मावशीची मुले यांच्याबद्दल नावानिशी विचारावे. आईवडील नात्यातले असतील, म्हणजे मामाच्या किंवा आत्याच्या घरात लग्न झालेले असेल, तर दोघांकडून सारखाच दोष येऊन होणारे आजार अधिक संभवतात. हे सांगताना संकोच करण्याचे कारण नाही. तिसरा प्रश्न असा की रक्ताच्या नात्यात कोणी भूल दिल्यावर दगावले, खूप तापले किंवा फार उशिरा शुद्धीवर आले का. १९६० साली मेलबर्न येथे पाय मोडलेल्या एका तरुणाला मोडलेल्या हाडापेक्षा भुलीची धास्ती अधिक वाटत होती, कारण त्याच्या कुटुंबातील दहा जण ईथरच्या भुलीत दगावले होते. मायकेल डेनबरो यांनी ते मनावर घेतले आणि ‘मॅलिग्नंट हायपरथर्मिया’ या आनुवंशिक विकाराची पहिली नोंद वैद्यकशास्त्रात झाली.

आपल्या देशातील एक उदाहरण याहून जवळचे आहे. आर्य वैश्य समाजात स्यूडोकोलिनएस्टरेझ या एन्झाइमची जन्मजात कमतरता इतरांपेक्षा बरीच अधिक आढळते. अशा व्यक्तीला सक्सिनिलकोलीन हे स्नायू शिथिल करणारे औषध दिले, तर काही मिनिटांत उतरणारा त्याचा परिणाम तासन्‌तास टिकतो. आधी माहीत असेल तर ते औषध टाळले जाते. माहीत नसेल तर परिणाम उतरेपर्यंत मुलाला झोपेत व्हेंटिलेटरवर ठेवावे लागते, आणि बाहेर बसलेल्या घरच्यांचा जीव टांगणीला लागतो.

फाइलचे पहिले पान

जाडजूड फाइल भूलतज्ज्ञाला वाचायला वेळ नसतो, म्हणून तिच्यावर एक पान लावावे. त्यावर आजाराचे नाव व जनुकीय अहवालाची तारीख, आजचे वजन, चालू औषधे मात्रेसह व वेळेसह, शेवटच्या इकोची (हृदयाच्या सोनोग्राफीची) तारीख आणि याआधी भूल दिली असल्यास कुठे व कशासाठी, एवढेच लिहावे.

डिस्चार्ज कार्डवर भुलीबद्दल फारसे काही नसते. भूल देताना दर काही मिनिटांनी भरलेला एक वेगळा तक्ता असतो. नळी कोणत्या मापाची गेली, किती प्रयत्नांत गेली, स्वरयंत्र किती दिसले, कोणत्या औषधाने नाडी कमी झाली, हे सर्व त्यात असते. तो रुग्णालयाच्या रेकॉर्ड विभागातून लेखी अर्ज करून मिळवावा आणि मोबाइलवर त्याचा फोटोही ठेवावा. मुलगा मोठा होतो तशी परिस्थिती बदलते, हे मात्र लक्षात असावे. जन्मतः खालचा जबडा लहान असलेल्या पियर रॉबिन सीक्वेन्समध्ये हनुवटी वाढत जाते तशी नळी टाकणे सोपे होत जाते, तर चेहऱ्याची हाडे नीट न वाढणाऱ्या ट्रीचर कॉलिन्स सिंड्रोममध्ये आणि उपचार न झालेल्या एमपीएसमध्ये ते वर्षागणिक अवघड होत जाते; म्हणून ‘मागच्या वेळी काही झाले नाही’ या वाक्यावर विसंबू नये.

दुसरी उपयोगी वस्तू म्हणजे झोपलेल्या मुलाचा दोन मिनिटांचा व्हिडिओ. तो रात्री, छातीवरचे कपडे बाजूला करून, दिवा लावून आणि आवाजासह घ्यावा. श्वास घेताना गळ्याचा खळगा आत ओढला जातो का, घोरता घोरता मध्येच शांतता पसरून मग दचकून श्वास येतो का, मूल मान मागे टाकून किंवा बसूनच झोपते का, हे त्यात दिसते. पंधरा मिनिटांच्या बोलण्यातून जे कळत नाही ते हा व्हिडिओ पाहून कळते.

‘फिटनेस’ या कागदाबद्दल एक शब्द. बालरोगतज्ज्ञांकडून ‘भुलीसाठी फिट’ अशी चिठ्ठी आणण्याचा प्रघात आहे, आणि माझ्या मते या मुलांच्या बाबतीत तिचा उपयोग जवळजवळ शून्य आहे. बालरोगतज्ज्ञांनी मुलाचा आजार आज कोणत्या अवस्थेत आहे, कशाने बिघडतो आणि बिघडल्यास ते काय करतात, हे चार ओळींत लिहून द्यावे. फिट आहे की नाही हे भूलतज्ज्ञ ठरवील.

रुग्णालय निवडताना विचारायचे प्रश्न

घराजवळचे, ओळखीचे, खर्चात बसणारे रुग्णालय सोडणे पालकांना जड जाते, हे मला ठाऊक आहे. तरीही काही प्रश्नांची उत्तरे ‘नाही’ असतील तर शस्त्रक्रिया दुसरीकडे न्यावी. मुलांचा स्वतंत्र आयसीयू आहे का आणि त्या दिवशी तिथे खाट राखून ठेवता येईल का? व्हिडिओ लॅरिंगोस्कोप (स्वरयंत्र पडद्यावर दाखवणारे साधन) आणि लवचिक ब्रॉन्कोस्कोप (श्वासनळीत जाणारी दुर्बीण) आहे का, आणि तो लहान मुलात वापरणारी व्यक्ती त्या दिवशी हजर असेल का? रक्तातील अमोनिया आणि वायूंची तपासणी रात्रीही होते का? उपकरण कपाटात असणे आणि ते सवयीने वापरणारा हात थिएटरमध्ये असणे यांत मोठे अंतर आहे.

एकाच भुलीत अनेक कामे उरकावीत का, हा प्रश्न नेहमी येतो. एमआरआय, कानातील नळ्या, दातांची कामे आणि हर्निया एकत्र करता आले तर भुलीच्या खेपा वाचतात, आणि श्वासमार्ग अवघड असलेल्या मुलाच्या बाबतीत प्रत्येक खेप वाचवणे मोलाचे आहे. परंतु पाच विभागांची जत्रा भरवून सहा तासांची भूल देण्यात अर्थ नाही. दोन किंवा तीन कामे, आणि त्यांचा क्रम भूलतज्ज्ञाने ठरवलेला, हे मला योग्य वाटते.

भूलतज्ज्ञांची भेट

ही भेट शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री वॉर्डात उरकू नये. किमान एक-दोन आठवडे आधी बाह्यरुग्ण विभागात व्हावी, म्हणजे तपासण्या करायला आणि वाचायला वेळ मिळतो. जर्मनीच्या भूलतज्ज्ञ संघटनेचा ‘ऑर्फनॲनेस्थेशिया’ हा उपक्रम एकेका दुर्मिळ आजारासाठी भुलीच्या शिफारशी विनामूल्य उपलब्ध करून देतो. आपल्या मुलाच्या आजारावरची पत्रिका पालकांनी छापून नेल्यास समंजस डॉक्टरला राग येत नाही.

या भेटीत श्वासमार्ग आणि मान यांना सर्वाधिक वेळ द्यावा लागतो. एमपीएसमध्ये पेशींत न पचलेली द्रव्ये साचत जातात; जीभ, टॉन्सिल, स्वरयंत्राभोवतीचा भाग जाड होतो, जबडा पुरेसा उघडत नाही आणि श्वासनळीही अरुंद होते. मान आखूड असल्यामुळे संकटकाळी गळ्याला छेद देऊन श्वासनळी उघडण्याचा शेवटचा मार्गही सोपा राहत नाही. म्हणून इथे योजना आधी ठरवतात: मूल स्वतः श्वास घेत असतानाच हळूहळू भूल चढवायची, लॅरिंजियल मास्क बसवून त्यातून ब्रॉन्कोस्कोपने वाट पाहायची आणि कान-नाक-घसा सर्जनला हातमोजे घालून थिएटरमध्ये उभे करायचे. पालकांनी ‘पहिला प्रयत्न फसला तर काय कराल’ असा थेट प्रश्न विचारावा. ज्याने तयारी केली आहे त्याच्याकडे या प्रश्नाचे उत्तर तयार असते.

मानेचा धोका डोळ्यांना दिसत नाही. मॉर्कियो सिंड्रोममध्ये, म्हणजे एमपीएसच्या चौथ्या प्रकारात, मानेच्या दुसऱ्या मणक्यावरील दंतुर हाड नीट वाढलेले नसते आणि वरचे दोन मणके एकमेकांवर सरकू शकतात. नळी टाकताना मान मागे वाकवली तर मज्जारज्जू दाबला जाऊन हातपाय लुळे पडण्याचा धोका असतो. म्हणून मान पुढे-मागे वाकवून काढलेले एक्स-रे आणि शक्य असल्यास एमआरआय आधी पाहतात, आणि नळी टाकताना मान मधल्या स्थितीत धरून ठेवतात. अधिक परिचित असलेल्या डाउन सिंड्रोममध्येही हे मणके सैल असू शकतात. मूल अलीकडे वारंवार पडते, चालण्याचा पल्ला कमी झाला आहे, लघवीवरचा ताबा सुटतो आहे, असे काही असेल तर पालकांनी ते आपणहून सांगावे.

स्नायूंच्या आजारांचा धोका औषधांत आहे. ड्युशेन असलेल्या मुलाला सक्सिनिलकोलीन दिल्यास स्नायूंच्या पेशी फुटून पोटॅशियम एकदम रक्तात येते आणि हृदय थांबू शकते. निदान न झालेल्या, वरवर निरोगी दिसणाऱ्या मुलांमध्ये असे मृत्यू झाल्यानंतर १९९० च्या दशकात अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने या औषधावर मुलांसंबंधीचा ठळक इशारा छापायला लावला. सेव्होफ्लुरेनसारख्या, वास घेऊन झोपवणाऱ्या वायूंनीही या मुलांचे स्नायू विरघळल्याची उदाहरणे आहेत. त्यामुळे शिरेतून प्रोपोफॉल देऊन वायूविना भूल देण्याकडे कल असतो. डिफ्लाझाकोर्ट किंवा प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड चालू असेल तर ते बंद करायचे नसते. उलट शस्त्रक्रियेच्या दिवशी हायड्रोकॉर्टिसोनची भर लागते. मोठ्या मुलांत फुंकर मारून करायची फुप्फुसांची तपासणी अवश्य करावी. तिच्यातील एफव्हीसी, म्हणजे एका दमात जोराने सोडता येणारी हवा, हा आकडा अपेक्षेच्या ५० टक्क्यांखाली असेल तर जोखीम वाढते आणि ३० टक्क्यांखाली असेल तर फार वाढते. अशा मुलाला मास्कमधून दाबाने हवा देणाऱ्या बायपॅप मशीनची सवय आधीच घरी लावून आणावी.

मॅलिग्नंट हायपरथर्मिया हा याहून वेगळा विकार आहे. त्यात तेच वायू आणि तेच सक्सिनिलकोलीन स्नायूंतील कॅल्शियमची दारे उघडी ठेवतात, स्नायू ताठरतात आणि शरीर भट्टीसारखे तापते. ताप उशिरा दिसतो. श्वासातील कार्बन डायऑक्साइड आणि नाडी आधी वाढतात. सेंट्रल कोअर डिसीज या स्नायूविकाराशी त्याचे घट्ट नाते आहे. औषध एकच, डँट्रोलीन. सुरुवातीची मात्रा दर किलोला अडीच मिलिग्रॅम. म्हणजे २० किलोच्या मुलाला ५० मिलिग्रॅम, म्हणजेच २० मिलिग्रॅमच्या तीन कुप्या, आणि जुन्या पद्धतीच्या प्रत्येक कुपीत ६० मिलिलिटर पाणी घालून ती हलवत राहायची. हे काम एका माणसाचे नाही. म्हणून रुग्णालयात डँट्रोलीन प्रत्यक्ष ठेवलेले आहे का, हे विचारावे आणि ‘मागवून घेऊ’ या उत्तरावर समाधान मानू नये. भूल देण्याच्या यंत्रात वायूचे अवशेष राहतात आणि ते धुऊन काढायला वेळ लागतो, म्हणून अशा मुलाचे नाव सकाळच्या यादीत पहिले असावे लागते.

हृदयाबद्दल थोडक्यात. एमपीएस आणि ड्युशेन या दोन्हींमध्ये ताजा इको हवा. विल्यम्स सिंड्रोम या जनुकीय आजाराची मुले इतकी हसरी आणि बोलकी असतात की त्यांच्या भुलीची कोणाला काळजीच वाटत नाही, परंतु महाधमनी आणि हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्या अरुंद असल्यामुळे त्यांचे हृदय भुलीत अचानक थांबू शकते. अशा मुलाची भूल हृदयविकाराची सोय असलेल्या केंद्रातच व्हावी, याबाबत मी तडजोड करणार नाही.

उपाशी ठेवण्याचा प्रश्न

‘रात्री बारानंतर काही देऊ नका’ ही सूचना अजूनही सर्रास दिली जाते. सामान्य मुलासाठीही ती अनावश्यक कठोर आहे: घन आहार आणि वरचे दूध सहा तास, आईचे दूध चार तास आणि साधे पाणी दोन तास आधी थांबवावे, हा प्रचलित नियम आहे, युरोपीय मार्गदर्शक सूचनांनी २०२२ मध्ये पाण्यासारख्या स्वच्छ द्रवांसाठी ही मर्यादा एका तासावर आणली. चयापचयाचे आजार असलेल्या मुलासाठी मात्र बारानंतरचा उपवास हाच खरा धोका ठरतो.

कारण असे की उपाशी शरीर स्वतःचे स्नायू आणि चरबी मोडू लागते. युरिया सायकलच्या विकारात त्या मोडतोडीतून अमोनिया साचतो, ऑरगॅनिक ॲसिडेमियात आम्ले साचतात, मेदाम्लांचे विकार असलेल्या मुलाला चरबीतून ऊर्जा काढताच येत नाही आणि ग्लायकोजेन साठवणुकीच्या पहिल्या प्रकारात रक्तातील साखर काही तासांत कोसळते. म्हणून अशा मुलाला आदल्या दिवशीच दाखल करावे. तोंडाने देणे थांबेल त्याच क्षणी शिरेतून क्षारयुक्त १० टक्के डेक्स्ट्रोज सुरू व्हावे आणि ते थिएटरमध्ये, तेथून बाहेर आल्यावर आणि मूल पोटभर खाऊ लागेपर्यंत चालू राहावे. प्रत्यक्षात चूक होते ती ट्रॉलीवर: वॉर्डातून नेताना ‘सलाईन नंतर लावू’ म्हणून कोणीतरी ते काढून ठेवते, यादी लांबते आणि तीन तास निघून जातात. आईवडिलांनी त्या बाटलीवर डोळा ठेवावा आणि ती बंद दिसताच विचारावे. यात उद्धटपणा काही नाही.

साखरेबद्दलही सरसकट सल्ला देता येत नाही. फ्रुक्टोज न पचणाऱ्या आनुवंशिक विकारात घरची साखर, फळांचा रस, इतकेच काय पॅरासिटामॉलचे गोड सिरपसुद्धा घातक असते. तिथे ग्लुकोजच हवे. मायटोकाँड्रियाच्या (पेशीत ऊर्जा बनवणाऱ्या भागाच्या) विकारांत प्रोपोफॉल दीर्घकाळ चालवणे टाळतात, आणि रक्तात होमोसिस्टीन साचणाऱ्या होमोसिस्टिन्युरियात नायट्रस ऑक्साइड हा भुलीचा वायू टाळतात व रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून पाण्याची कमतरता पडू देत नाहीत. प्रेडर-विली सिंड्रोमची गोष्ट उलटी आहे. या मुलांची भूक कधी शमतच नाही, आणि शेजारच्या खाटेवरचा बिस्किटाचा पुडा केव्हा रिकामा झाला हे कोणालाच कळत नाही. ‘उपाशी आहे’ असे त्यांच्याबाबत गृहीत धरू नये. एक मोठे माणूस रात्रभर जागे हवे.

शस्त्रक्रियेचा दिवस

मुलाला कसे उचलावे, कोणत्या कुशीवर झोपवावे, हे आईला सर्वांत चांगले कळते. ठिसूळ हाडांच्या आजारात, म्हणजे ऑस्टिओजेनेसिस इम्परफेक्टामध्ये, रक्तदाबाचा पट्टा आवळल्यानेही हाड मोडू शकते. अशा वेळी आईने किंवा वडिलांनी मुलाला स्वतः टेबलावर ठेवावे, असा मी आग्रह धरतो.

एपिडर्मोलिसिस बुलोसा या त्वचेच्या आजारात तर संपूर्ण थिएटरच्या सवयी बदलाव्या लागतात. या मुलांची त्वचा सरळ दाब सहन करते, पण घासणे किंवा ओढणे सहन करत नाही. चिकटपट्टी काढली की तिच्याबरोबर कातडीही निघते. म्हणून मास्कच्या कडेला व भूलतज्ज्ञाच्या बोटांना व्हॅसलीन लावतात, सलाईनची सुई चिकटपट्टीऐवजी मऊ बँडेज गुंडाळून पक्की करतात, रक्तदाबाच्या पट्ट्याखाली कापसाचा जाड थर देतात आणि ऑक्सिजन मोजण्यासाठी चिकटणाऱ्या पट्टीऐवजी चिमटा वापरतात. डोळे पट्टीने बंद न करता त्यांत मलम घालतात. टेबलावर हलवताना मुलाला सरकवायचे नसते, चादरीसकट उचलायचे असते. ही यादी पालकांनी लिहून आणावी आणि थिएटरच्या सिस्टरच्या हाती स्वतः द्यावी, कारण सकाळी सात वाजता नवीन पाळी येते आणि काल सांगितलेले आजच्या माणसांना ठाऊक नसते.

संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी त्यात आजाराचे नाव आणि आयसीयू किंवा व्हेंटिलेटर लागण्याची शक्यता लिहिली आहे का, हे पाहावे. छापील फॉर्मवर सही घेऊन पुढे जाण्याची घाई असेल, तर दोन मिनिटे थांबायला सांगावे.

जाग आल्यानंतरचे तास

नळी टाकण्याइतकेच ती काढणेही अवघड असते. एमपीएसच्या मुलाची नळी पूर्ण जाग आल्यावर, थिएटरमध्येच, पुन्हा टाकण्याच्या तयारीनिशी काढतात. काही मुलांना त्या रात्री व्हेंटिलेटरवर ठेवणे हाच सुरक्षित मार्ग असतो आणि तो आधी ठरलेला असेल तर पालकांनी घाबरू नये. घरचे बायपॅप मशीन आणि त्याचा सवयीचा मास्क सोबत असावा. रुग्णालयाचा मास्क लहानशा चेहऱ्यावर बसेलच असे नाही.

वेदनाशमनात हात आखडता घेऊ नये, पण झोपेत श्वास अडणाऱ्या मुलाला मॉर्फिनसारखी औषधे कमी मात्रेत आणि ऑक्सिजनच्या मॉनिटरखालीच द्यावीत. कोडीन १२ वर्षांखालील मुलांना देऊ नये, असा इशारा एफडीएने २०१७ मध्ये दिला आहे. काही मुले जन्मजात गुणधर्मामुळे त्याचे मॉर्फिनमध्ये फार वेगाने रूपांतर करतात.

वॉर्डात आल्यावर पालकांनी तीन गोष्टी पाहाव्यात. स्नायूंचा आजार असेल तर लघवीचा रंग: ती कोऱ्या चहासारखी दिसली तर स्नायू फुटत आहेत असे समजून ताबडतोब सांगावे. मणक्यांचा त्रास असलेल्या मुलाने जाग येताच हातपाय हलवले का, पाय पूर्वीइतकेच हलतात का. आणि चयापचयाचा आजार असेल तर झोपाळूपणा, चिडचिड आणि उलट्या. ‘भुलीची गुंगी आहे, उतरेल’ असे म्हणून हे सोडून देण्याची चूक वारंवार घडते. साखर आणि अमोनिया तपासून घेतल्याशिवाय गुंगीचे कारण भूल आहे, असे मानू नये.

घरी नेताना हातात हवे असलेले पत्र

डिस्चार्जच्या वेळी भूलतज्ज्ञांकडून स्वतंत्र पत्र मागावे. मास्कने श्वास देणे सोपे होते की अवघड, नळी कोणत्या साधनाने, कितव्या प्रयत्नात आणि कोणत्या मापाची गेली, कोणती औषधे दिली व कोणती टाळली, नळी केव्हा काढली आणि पुढच्या वेळी काय वेगळे करावे, हे त्यात असावे. मॅलिग्नंट हायपरथर्मिया किंवा स्यूडोकोलिनएस्टरेझची कमतरता निघाली असेल, तर भावंडांचीही तपासणी करावी, असेही त्यात लिहून घ्यावे.

सुरुवातीला सांगितलेल्या मुलाचा हर्निया सात महिन्यांनी, मुलांचा आयसीयू असलेल्या मोठ्या केंद्रात दुरुस्त झाला. मीही तिथे मदतीला गेलो होतो. कान-नाक-घसा सर्जन हातमोजे घालून उभे होते, आणि त्यांना काही करावे लागले नाही. लॅरिंजियल मास्कमधून ब्रॉन्कोस्कोपने नळी गेली. वयाच्या हिशेबाने साडेचार मिलिमीटरची बसायला हवी होती, बसली चारची. ते सर्व एका पानावर लिहून मी आईच्या हाती दिले. तिने ते वाचले, आणि आणखी एक प्रत मागितली. तिच्या धाकट्या बहिणीला त्या महिन्यात मुलगा झाला होता.